रायटर्स बिल्डिंग : एका इमारतीची बदललेली नोकरी

सरकारी कचेरी म्हटली की फाइलींचे गठ्ठे, कुरकुरणारे पंखे आणि 'उद्या या' एवढंच आपल्याला आठवतं. पण कोलकात्याच्या लाल विटांच्या रायटर्स बिल्डिंगची सुरुवात चक्क होस्टेल म्हणून झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

'रायटर' म्हणजे साहित्यिक नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ कारकुनांना रायटर म्हणत. त्यांच्यासाठी थॉमस लायन याने १७७७ मध्ये ही इमारत बांधायला घेतली. पुढे १८०० मध्ये स्थापन झालेलं फोर्ट विल्यम कॉलेज इथे भरू लागलं. त्यात विल्यम केरी मराठीही शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. म्हणजे आपल्या छापील मराठीचा एक धागा थेट या इमारतीपर्यंत जातो!

सुरुवातीला इमारत अगदी साधी होती. खांबांचा व्हरांडा १८२१ मध्ये आला, तर आजचं भारदस्त रूप आणि माथ्यावरची मिनर्व्हा ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तोवर इथे बंगाल सरकारचं सचिवालय आलं होतं.

८ डिसेंबर १९३० रोजी बिनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता साहेबी पोशाखात आत शिरले आणि तुरुंग खात्याचा प्रमुख सिम्पसन याला त्यांनी गोळ्या घातल्या. व्हरांड्यात पोलिसांशी चकमक झाली. बादलने विष घेतलं, जखमी बिनय काही दिवसांनी गेला, दिनेशला १९३१ मध्ये फाशी झाली. बिनय वैद्यकीचा विद्यार्थी, वय २२. बाकी दोघे तर विशीच्या आतले. म्हणजे आपल्याच वयाचे! समोरच्या डलहौसी स्क्वेअरला आज 'बिनय-बादल-दिनेश बाग' म्हणतात.

स्वातंत्र्यानंतरही राज्याचा कारभार इथूनच चाले. जागा अपुरी पडेल तसे नवे ब्लॉक जोडले गेले, गर्दी वाढली, देखभाल अवघड झाली. अखेर २०१३ मध्ये दुरुस्तीसाठी सचिवालय हावड्याच्या 'नबान्न'मध्ये हलवावं लागलं.

आपल्यासारख्या इंजिनिअरांनी यातून काय घ्यावं? इमारत बांधून झाली की काम संपत नाही. तिचा वापर बदलतो, भार वाढतो, माणसं बदलतात. म्हणून जुन्या भिंतीला हात लावण्याआधी ड्रॉइंगबरोबर तिचा इतिहासही वाचावा. काय पाडायचं आणि काय जपायचं, हे नुसत्या स्लाइड रूलने किंवा कॅल्क्युलेटरने ठरत नाही!