दुर्मिळ आनुवंशिक नेत्रविकार : योग्य तज्ज्ञ कसा शोधावा?

मूल अंधारात ठेचकाळू लागले की आपण 'अ' जीवनसत्त्व कमी पडले असे समजतो आणि गाजरे आणतो. कारण दृष्टिपटलातही असू शकते. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी 'रेटिनायटिस पिगमेंटोझा' असल्याचे निदान झाले. सुमारे ४,००० माणसांत एकाला होणारा हा आजार आनुवंशिक आहे. तज्ज्ञ शोधताना जे शिकलो, ते मंडळाच्या वाचकांसाठी देत आहे.

१. नुसता 'रेटिना स्पेशालिस्ट' पुरत नाही. त्यांचे बरेचसे काम मधुमेह किंवा पडदा सुटणे यांचे असते. आनुवंशिक दृष्टिपटल विकारांचे क्लिनिक, ईआरजी तपासणी आणि जेनेटिक कौन्सेलर आहेत का, हे फोनवरच विचारा. अशी क्लिनिक्स बहुधा विद्यापीठांत असतात, उदा. बाल्टिमोरचे विल्मर, मायामीचे बॅस्कॉम पामर, पोर्टलंडचे केसी. भारतातील नातेवाइकांसाठी हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद आहे.

२. जाण्यापूर्वी वंशावळ लिहा. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा : रात्री कोणाला दिसत नसे? मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्ने झाली होती का? डॉक्टर हे विचारतातच.

३. जनुक तपासणीचा आग्रह धरा. एकाच नावाच्या या आजारामागे अनेक वेगवेगळी जनुके असतात. डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळालेले 'लक्स्टर्ना' हे औषध आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील आणि दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील, तरच देता येते. माझ्या मुलीचे जनुक वेगळे निघाले. आज तिच्यासाठी औषध नाही. पण जनुकाचे नाव हाती असल्याने नवीन चाचण्यांसाठी विचारणा करता येते.

४. विमा आधी पाहा. एचएमओ असल्यास रेफरल आणि पूर्वपरवानगी लेखी घ्या. २००८ च्या 'जीना' कायद्यानुसार जनुक तपासणीच्या निकालावरून आरोग्य विमा नाकारता येत नाही. पण आयुर्विमा आणि अपंगत्व विम्याला हा कायदा लागू नाही. म्हणून निरोगी भावंडांनी तपासणीपूर्वी या पॉलिसींचा विचार करावा. अर्जातील उत्तरे मात्र खरीच द्यावीत.

५. 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. स्टारगार्टसारख्या विकारात त्या अपायकारक ठरू शकतात.

दृष्टिपटलाच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शंका आली तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता अपॉइंटमेंट घ्या, ही विनंती.