ऑटिझमचं निदान झाल्यानंतरचे पहिले महिने

‘मुलगे जरा उशिराच बोलतात. याचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. बालवाडीत घाला, चार मुलांत मिसळला की आपोआप बोलेल.’ मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञांकडे येणाऱ्या बहुतेक आई-बाबांनी हे आधी घरात ऐकलेलं असतं, आणि सांगणाऱ्या आजीचा हेतू धीर देण्याचाच असतो. मूलही तसं काळजी वाटावी असं दिसत नाही. चालणं-पळणं वेळेवर झालेलं असतं, कोडी पटापट जुळवतं, मोबाइलवर हवं ते गाणं स्वतः शोधून लावतं. काही मुलं तर दीड वर्षांपर्यंत ‘आई’, ‘दूदू’, ‘भूभू’ म्हणत असतात आणि मग ते शब्द एकेक करून थांबतात. बोलणं कसं सुरू करावं एवढंच विचारायला आलेल्या पालकांच्या हाती ध्यानीमनी नसताना ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ लिहिलेला कागद पडतो.

त्या दिवशी डॉक्टर पुढे काय बोलले, हे घरी पोहोचेपर्यंत अनेकांना आठवत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा वेळ घ्यावी, शंका वहीत लिहून न्याव्यात आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून जावं. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाचं खेळणं-वागणं पाहून, लहानपणापासूनची हकीकत विचारून आणि ठरावीक प्रश्नावल्या वापरून निदान केलं जातं. कानांची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायलाही हरकत नाही. मात्र ‘तसं काही नाही’ असं म्हणणारा डॉक्टर भेटेपर्यंत दवाखाने बदलत राहिलं, तर मुलाचे मोलाचे महिने त्यातच जातात.

घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘कुणामुळे?’ आणि बोट बहुतेक वेळा आईकडे वळतं. तिची नोकरी, पाळणाघर, गरोदरपणातला ताण, ग्रहणात बाहेर पडणं, बाळाच्या हाती दिलेला मोबाइल. वैद्यकशास्त्रानंही एके काळी आयांवर हाच अन्याय केला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तिथून ऑटिझमच्या आधुनिक अभ्यासाला सुरुवात झाली. पुढे आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, हा समज डॉक्टरांमध्ये रुजला. ब्रूनो बेटलहाइम या लेखकाच्या १९६७ सालच्या पुस्तकानं तो आणखी पसरवला. खरं तर बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ सालीच त्याचं सविस्तर खंडन केलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर या संशोधकांनी जुळ्या मुलांवर केलेल्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा समोर आला.

लसीबद्दलचा आरोपही असाच खोटा ठरला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीकडे बोट दाखवणारा १९९८चा निबंध अवघ्या १२ मुलांवरचा होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो २०१० साली मागे घेतला आणि मुख्य लेखकाची वैद्यकीय नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष निघाला, की या लसीनं ऑटिझमची शक्यता वाढत नाही. मोबाइलचा वेळ कमी करावाच, कारण त्यात माणसांशी खेळण्या-बोलण्याचा वेळ जातो. पण मोबाइल दिला म्हणून मूल ऑटिस्टिक झालं, असं समजून आईनं स्वतःला किंवा इतरांनी तिला दोषी धरू नये.

दोष नाही हे पटलं, तरी दुःख उरतंच. ते दाबून ठेवू नये. आई-बाबांनी मनात एक मूल रंगवलेलं असतं. ते शाळेतून येऊन दिवसभराच्या गमती सांगणार असतं, स्नेहसंमेलनात नाचणार असतं. त्या चित्रासाठी रडू येणं स्वाभाविक आहे. जिम सिंक्लेअर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या कार्यकर्त्यांनी १९९३ साली पालकांना उद्देशून हेच मांडलं होतं: शोक अपेक्षाभंगाचा आहे हे ओळखा, समोरच्या जिवंत मुलाचा शोक करू नका. काही जणांना हे सावरणं दोन महिन्यांत जमतं, काहींना दोन वर्षं लागतात. बऱ्याचदा आई लगेच माहिती शोधू लागते आणि बाबा विषयच टाळतात, किंवा याच्या उलट. दोघांचा वेग वेगळा आहे म्हणून एकाला मुलाची काळजी नाही, असा अर्थ काढू नये. मन पूर्ण सावरेपर्यंत थेरपीसाठी थांबायचीही गरज नाही.

या काळात मुलाकडे नीट पाहणं फार कामाचं ठरतं. कॅनर यांच्या त्या ११ मुलांमधला पहिला होता मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी मुलाच्या सवयी, शब्द, हट्ट यांच्या बारीकसारीक नोंदींचं ३३ पानी पत्र कॅनर यांना पाठवलं होतं. तीन वर्षांच्या डोनाल्डला डॉक्टरांच्या सल्ल्यावरून संस्थेत ठेवलं गेलं होतं. साधारण वर्षभरानं आई-वडिलांनी त्याला घरी आणलं. नंतर तो काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला सतत मोजमाप करायचं वेड होतं, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोजायला लावलं. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, २७व्या वर्षी गाडी शिकला, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. त्याचं घर सधन होतं आणि गावानं त्याला सांभाळून घेतलं, हेही खरं. प्रत्येक मुलाची वाटचाल अशी होणार नाही. काही मुलं शब्दांत बोलणार नाहीत, काहींना कायम सोबत लागेल. मात्र अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं पुढे काय होईल, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, त्यामुळे तसं भाकीत करणाऱ्यावर विसंबू नये.

पालकांच्या हातात किती आहे, याचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाला. ‘संगाथ’ संस्थेनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर मिळून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ मुलं होती. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत १२ वेळा पालकांना भेटले. आई आणि मूल खेळत असताना छोटा व्हिडिओ घ्यायचा, तो आईबरोबर बसून पाहायचा आणि मुलानं केलेले बारीक इशारे तिच्या लक्षात आणून द्यायचे, अशी पद्धत होती. आई-वडील मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली.

घरी याची सुरुवात रोज दहा-पंधरा मिनिटांनी करता येते. मूल गाडीचं चाक फिरवत बसलं असेल, तर गाडी हिसकावून ‘अशी चालवतात’ म्हणू नये. ‘हा रंग कोणता? सांग बघू’ अशी परीक्षाही घेऊ नये. त्याच्यासमोर जमिनीवर बसावं, ते काय पाहतंय ते पाहावं, ‘फिरलं फिरलं... थांबलं’ एवढंच म्हणावं आणि वाट पाहावी. त्यानं एक कटाक्ष टाकला, तरी तो संवाद आहे. हे सगळं घरच्या भाषेत करावं. ‘गोंधळ नको, फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला अजूनही काही ठिकाणी मिळतो. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट मराठी बंद केली, तर आजी-आजोबांशी असलेलं मुलाचं नातं कोमेजतं.

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी घ्यावी. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत चौकशी करावी, तिथे खर्चाचा भार कमी पडतो. ‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावं. मूळ पेशींची इंजेक्शनं, शरीरातले धातू काढण्याची औषधं, प्राणवायूचे चेंबर यांनी ऑटिझम जात नाही, आणि धातू काढण्याच्या उपचारात अमेरिकेत २००५ साली पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला आहे. फिट्स, झोप न येणं, टोकाची चिडचिड यांवर मात्र उपयोगी औषधं आहेत आणि ती तज्ज्ञांकडून जरूर घ्यावीत. धाकटं भावंड असेल, तर त्याच्या विकासाची तपासणी दीड वर्षाच्या सुमारास आठवणीनं करून घ्यावी.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला अनेक कुटुंबं कचरतात, मुलावर शिक्का बसेल म्हणून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. या प्रमाणपत्रावर ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण, आयकरात वजावट आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात. ते कुठे दाखवायचं, हे पालकांनीच ठरवायचं असतं.

आजी-आजोबांना एखाद्या थेरपीच्या सत्राला सोबत न्यावं. घरी तासभर समजावून जे पटत नाही, ते तिथे बघून पटतं. आणि आईला किंवा बाबांना आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते ‘मुलाच्या काळजीनं होणारच’ म्हणून सोडून देऊ नये. त्यावर वेगळे उपचार आहेत. फॅमिली डॉक्टरांना सांगावं किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.