बियाणे राखणारे गाव

प्रास्ताविक

जमीन कसदार आहे, पाऊस वेळेवर आला आहे, मेहनत करणारे हातही आहेत. पण घरात बियाणे नाही, तर शेत पडीकच राहते. म्हणून घरात उपास घडला तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, अशी जुन्या शेतकरी कुटुंबांची रीत होती. आज बहुतेक शेतकरी बियाणे दुकानातून विकत आणतात आणि ही रीत मागे पडत चालली आहे. पूर्व भारतातील ओडिशा राज्याच्या कोरापुट जिल्ह्यात मात्र घरचे बियाणे राखणारी गावे अजूनही आहेत. प्रस्तुत पाठात त्या गावांची, तेथील शेतीची आणि बियाणे सांभाळणाऱ्या स्त्रियांची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही

- कोरापुट परिसरातील गावाचे व शेतीचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करू शकाल;
- पिकाचे अनेक वाण जपण्याची आवश्यकता स्पष्ट करू शकाल;
- अनुभवातून मिळणारे ज्ञान आणि लिहिता-वाचता येणे यांचा संबंध सांगू शकाल;
- मराठी व ओडिया भाषांतील सारखे शब्द ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. पठारावरचे गाव

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्याकडून निघालेली रेल्वेगाडी पूर्व घाटातील बोगद्यांमागून बोगदे ओलांडत कोरापुटच्या पठारावर चढते. कोरापुटहून पश्चिमेकडे घाट उतरला की जयपूर नावाचे बाजाराचे गाव लागते. राजस्थानच्या राजधानीशी त्याचे केवळ नावापुरते साम्य आहे. जयपूर मागे पडताच तांबड्या मातीचे उतार, साल वृक्षांची राने आणि डोंगरांच्या कुशीत वसलेली लहान लहान खेडी दिसू लागतात. परजा, गदबा, भूमिया, कंध अशा अनेक आदिवासी जमाती या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आल्या आहेत.

मार्गशीर्षात अशा एखाद्या गावात जाणाऱ्या पाहुण्याला सर्वत्र सुगीची लगबग दिसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या भिंतींची घरे असतात. भिंती तांबड्या मातीने सारवलेल्या असतात. प्रत्येक घरापुढे ओटा असतो आणि त्यावर सुपे, टोपल्या, कणसे, पेंढ्या यांची गर्दी असते. खळ्यावर भाताची मळणी चाललेली असते. रानात निघालेल्या माणसाजवळ वाळवून पोकळ केलेला भोपळा असतो आणि त्यात नाचणीची पेज भरलेली असते. नाचणीला येथे ‘मंडिया’ म्हणतात. पेज मात्र येथेही पेजच! कोकणातील माणसाला घरापासून इतक्या दूर आपला शब्द ऐकून नवल वाटावे.

गावाची शेती समजून घ्यायची असेल तर डोंगराच्या माथ्यावरून ओढ्यापर्यंत चालत यावे लागते. वरच्या उतारावर पाणी ठरत नाही; तेथे नाचणी आणि कारळे पिकतात. मधल्या सपाटीवर थोड्या पावसात लवकर तयार होणारे हळवे भात असते. अगदी खाली, ओढ्याच्या पात्रालगत, बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची खाचरे तयार केलेली असतात. त्यांना ‘झोला’ म्हणतात. झऱ्यांचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाते आणि तेथे उशिरा तयार होणारे गरवे भात पिकते. एकाच गावात जमिनीचे इतके प्रकार आहेत, म्हणून एकाच वाणाने गावाचे भागत नाही.

२. एक भात, अनेक नावे

शास्त्रज्ञांनी १९५५ ते १९५९ या काळात जयपूर परिसरातील भातांची पाहणी केली, तेव्हा त्यांना सतराशेहून अधिक वाणांचे नमुने मिळाले. जगात भाताची विविधता ज्या प्रदेशांत विशेष आढळते, त्यांत या भूभागाची गणना होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये कोरापुटच्या पारंपरिक शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

या वाणांची नावे ऐकली तरी ती ठेवणाऱ्यांची बारीक नजर लक्षात येते. काळसर टरफलाचा, जिऱ्यासारखा दिसणारा सुवासिक तांदूळ तो ‘काळाजिरा’. ‘माछकांटा’ या नावात माशाचा काटा आहे, तर ‘हळदीचुडी’ या नावात हळद आहे. ‘कोरापुट काळाजिरा तांदूळ’ याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

इतके वाण कशासाठी, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. त्याचे उत्तर गावाच्या रोजच्या जगण्यात आहे. एक भात पेजेला चांगला, दुसऱ्याच्या लाह्या-मुरमुरे उत्तम होतात, तिसऱ्याचा सुगंध सणाला हवा असतो, चौथ्याचा उंच पेंढा छपराला आणि गुरांना उपयोगी पडतो. याहून मोठे कारण पावसाचे आहे. पाऊस लवकर गेला तर गरवे भात धोक्यात येते, पण हळवे घरात आलेले असते. पाऊस लांबला तर हळव्याचे नुकसान होते, पण गरवे तरते. ज्याच्या शेतात दोन-चार वाण असतात, त्याच्या घरातले अन्न एकाच वेळी नाहीसे होत नाही. गरीब शेतकऱ्याजवळ पीकविम्याचा कागद नव्हता, तेव्हा ही विविधताच त्याचा विमा होती.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) ओढ्याच्या पात्रालगतच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांना ………… म्हणतात.
(आ) थोड्या पावसात लवकर तयार होणाऱ्या भाताला ………… भात म्हणतात.
(इ) कोरापुटच्या पारंपरिक शेतीला ………… साली जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली.

३. राखणारे हात

नांगर बहुधा पुरुषाच्या हाती असतो. बियाणे मात्र स्त्रीच्या हाती असते. पीक कापणीला येण्यापूर्वी घरातील जाणती स्त्री शेतात फिरते. रोगट झाडे, दुसऱ्याच वाणाची शिरलेली झाडे ती वगळते. भरदार दाण्यांच्या, एकसारख्या पिकलेल्या लोंब्या ती वेगळ्या काढते. हे दाणे खाण्याच्या धान्यात मिसळत नाहीत. ते कडक उन्हात वाळवले जातात आणि शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत किंवा भाताच्या पेंढ्याच्या दोराने वळलेल्या मुड्यात भरले जातात. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. कोणता दाणा कोणत्या खाचराला मानवतो, हे तिने कोठे लिहून ठेवलेले नसते. आईने आणि सासूने सांगितले, ते तिच्या स्मरणात असते.

एखाद्या घरचे बियाणे बिघडले, तर शेजारचे घर देते. सुगीनंतर ते परत करावयाचे, आणि जमल्यास थोडे अधिक घालून. अशा देवाणघेवाणीमुळे एकच वाण अनेक घरांत राहतो आणि एका घरातून गेला तरी गावातून जात नाही.

जयपूरजवळील पात्रपुट या गावच्या कमला पुजारी यांनी ही रीत आपल्या जीवनाचे कार्य मानले. त्यांना औपचारिक शिक्षण मिळाले नव्हते. गावोगाव फिरून त्यांनी भाताचे शंभराहून अधिक पारंपरिक वाण गोळा केले, स्वतः पेरले आणि इतरांना वाटले. जयपूर येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या केंद्राच्या साहाय्याने त्यांनी गावकऱ्यांना बियाणे पेढीच्या कामात सामील करून घेतले. रासायनिक खतांवर विसंबू नये, असेही त्या शेतकऱ्यांना सांगत. २०१८ मध्ये ओडिशाच्या राज्य नियोजन मंडळावर त्यांची नियुक्ती झाली आणि २०१९ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांसाठी असेच काम उभे केले असून त्यांना २०२० मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. हजारभर किलोमीटर अंतरावरील या दोन स्त्रियांनी शाळेबाहेर मिळवलेल्या ज्ञानाची देशाने दखल घेतली.

४. वाण हरवतो तेव्हा

१९६० नंतरच्या दशकांत अधिक उत्पन्न देणारे नवे भात देशभर पसरले. त्यामुळे देशाची धान्याची टंचाई कमी झाली, हे विसरून चालणार नाही. परंतु नवे बियाणे घरात आले की जुने पेरायचे राहून जाते. भाताचा दाणा कणगीत फार वर्षे जिवंत राहत नाही. काही हंगाम तो मातीत पडला नाही, तर पुढे उगवत नाही. अशा रीतीने कोणाच्याही ध्यानात न येता वाण नाहीसा होतो.

त्याने होणारे नुकसान केवळ एका गावाचे नसते. ओडिशातीलच एका जुन्या वाणातून निवडलेले ‘एफआर १३ ए’ नावाचे भात पुराच्या पाण्याखाली बुडूनही तग धरते. या गुणाचा कारक असलेले जनुक शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ओळखले. ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय भातात आणून तयार केलेला ‘स्वर्णा-सब १’ हा वाण २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभा राहू शकतो. ज्या शेतकऱ्यांनी तो जुना वाण सांभाळला, त्यांना पुढे त्याचा असा उपयोग होईल याची कल्पना नव्हती. त्यांनी तो टाकून दिला असता, तर शास्त्रज्ञांच्या हाती काय लागले असते?

तरीही जुने बियाणे राखा, असा उपदेश गावाला करणे सोपे आहे. अनेक जुन्या वाणांचे उत्पन्न कमी येते आणि उंच वाढलेले पीक वाऱ्याने आडवे होते. दोन एकरांच्या धन्याने हा तोटा एकट्याने का सोसावा? सुवासिक तांदळाला योग्य भाव, गावात बियाणे पेढी आणि राखणाऱ्याला मान व मोबदला मिळाला, तरच ही रीत टिकेल.

५. स्मरणाला अक्षराची जोड

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकण्यास मात्र बंदी आहे. आपला पारंपरिक वाण शेतकऱ्याला वा गावाला स्वतःच्या नावे नोंदविताही येतो. मात्र त्यासाठी वाणाचे नाव, त्याची लक्षणे, तो कोठे पिकतो, ही सारी माहिती लेखी द्यावी लागते. येथेच अडचण येते. २०११ च्या जनगणनेनुसार कोरापुट जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ४९ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ती याहून बरीच कमी होती. ज्या हातांनी बियाणे राखले, त्या हातांना अर्ज भरता येत नाही, ही या गावांची खरी उणीव आहे.

निरक्षर माणूस अज्ञानी नसतो, हे कोरापुटच्या स्त्रियांनी सिद्ध केले आहे. पण जे केवळ स्मरणात असते, ते माणसाबरोबर जाते. आजीला ठाऊक असलेली वाणांची नावे नातीने वहीत उतरवली, तर ती पुढच्या पिढीला मिळतील आणि त्यांवरचा गावाचा हक्कही सांगता येईल. बियाणे कणगीत जसे जपावे लागते, तसे ज्ञान अक्षरांत जपावे लागते. आणि दोन्ही पुन्हापुन्हा पेरावी लागतात.

पाठगत प्रश्न २

योग्य की अयोग्य ते सांगा.
(अ) बियाण्याचे दाणे खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवतात.
(आ) ‘स्वर्णा-सब १’ हे भात काही काळ पाण्याखाली तग धरते.
(इ) शेतकऱ्याला पारंपरिक वाण स्वतःच्या नावे नोंदविता येत नाही.

भाषाभ्यास

मराठी व ओडिया या दोन्ही भारतीय-आर्य कुळातील भाषा आहेत. त्यामुळे त्यांत अनेक शब्द सारखे आढळतात. पाठातील ‘पेज’, ‘हळदी’, ‘जिरा’, ‘कांटा’ हे शब्द पाहा. ओडिशात नवे धान्य देवाला अर्पण करून खाण्याच्या सणाला ‘नुआखाई’ म्हणतात. ‘नुआ’ म्हणजे नवा आणि ‘खाई’ म्हणजे खाणे. मराठीतील ‘नवान्न’ हा शब्द याच अर्थाचा आहे.

कृती : तुम्ही राहता त्या प्रदेशाच्या भाषेतील, मराठीशी सारखे असणारे पाच शब्द शोधून लिहा.

शब्दार्थ

वाण – पिकाची जात; कणगी – धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली; मुडा – धान्य भरण्यासाठी पेंढ्याचा केलेला गोल गठ्ठा; लोंबी – भाताचे कणीस; खाचर – बांध घातलेले भातशेत; तग धरणे – टिकून राहणे.

तुम्ही काय शिकलात?

- जमिनीच्या व पावसाच्या विविधतेमुळे कोरापुटमध्ये भाताचे अनेक वाण निर्माण झाले व टिकले.
- बियाण्याची निवड आणि साठवण हे स्त्रियांचे परंपरागत ज्ञान आहे.
- जुन्या वाणांचे गुण पुढील काळातील संकटांत उपयोगी पडतात.
- अनुभवाच्या ज्ञानाला लेखनाची जोड मिळाली की ते टिकते आणि त्यावरचा हक्क सांगता येतो.

पाठान्त प्रश्न

१. कोरापुटच्या शेतकऱ्याला अनेक वाणांची गरज का भासते? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. बियाणे निवडण्याची व साठवण्याची पद्धत क्रमाने लिहा.
३. ‘निरक्षर माणूस अज्ञानी नसतो’ या विधानाबाबत तुमचे मत स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन मांडा.
४. तुमच्या घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला जुनी पिके, जुने पदार्थ किंवा एखादे हस्तकौशल्य यांविषयी विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) झोला (आ) हळवे (इ) २०१२
२. (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य