कवटीतील दाब सांगणारा मऊ ठोकळा

चमचाभर सब्जा पेलाभर पाण्यात टाका आणि पंधरा मिनिटांनी पाहा. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत वेष्टन दिसेल. दाण्याच्या सालीतील लांबलचक रेणूंच्या जाळ्यात पाणी अडकून राहिले आहे. पाणी असे धरून ठेवणाऱ्या जाळ्याला हायड्रोजेल म्हणतात. १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी वैद्यकीय उपयोगासाठी कृत्रिम हायड्रोजेल सुचविले. डोळ्यांत घालायची मऊ भिंगे त्यातूनच आली.

हाच मऊपणा आणखी एका कामी येऊ शकतो. आपला मेंदू हाडांच्या बंद पेटीत असतो. आडव्या पडलेल्या निरोगी प्रौढाच्या कवटीतील दाब पाऱ्याच्या सुमारे ७ ते १५ मि.मी. इतका असतो. डोक्याला मार बसून मेंदूला सूज आली, तर कवटी काही फुगत नाही. मग दाब वाढतो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि जीव धोक्यात येतो. म्हणून दाबावर सतत नजर ठेवावी लागते. रूढ पद्धतीत कवटीला भोक पाडून नळी किंवा तार आत ठेवतात. पण त्याच वाटेने जंतूही शिरू शकतात.

चीनमधील वुहान येथील हुआझोंग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये तारेविना चालणारा संवेदक जगापुढे मांडला. हा हायड्रोजेलचा घन असून त्याची बाजू केवळ २ मि.मी. आहे. तो सुईतून आत सोडता येतो. त्यात ठराविक अंतरांवर हवेचे स्तंभ असतात. बाहेरून श्राव्यातीत ध्वनी सोडला, की एका ठराविक वारंवारितेचा ध्वनी सर्वांत जोराने परत येतो. दाब वाढला म्हणजे जेल दबते, स्तंभांतील अंतर बदलते आणि ती वारंवारिताही सरकते. जलतरंगाच्या वाटीतील पाणी कमी-जास्त झाले, तर दुरूनही स्वरावरून कळते ना? तसेच काहीसे हे आहे. तेवढाच लोखंडी ठोकळा इतक्या अल्प दाबाने जाणवण्याइतका दबणार नाही. येथे मऊपणा हेच मापनाचे साधन!

हा संवेदक सुमारे १८ आठवड्यांत जवळजवळ पूर्णपणे विघटित होतो. तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया नको. २०२४ चे हे प्रयोग उंदीर व डुकरे यांवर झाले होते. माणसाच्या डोक्यात असे साधन ठेवण्यापूर्वी सुरक्षिततेच्या कसून चाचण्या व्हाव्या लागतात.

आता विचार करा : तापमान बदलले तरी जेलचा आकार बदलू शकतो. मग वारंवारिता दाबामुळे सरकली की तापामुळे, हे तुम्ही कसे ओळखाल? वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.