खग्रास सूर्यग्रहण पाहावयास कोठे जावे?

खग्रास सूर्यग्रहण पाहावयास जाण्याचे मनात आले की घरात पहिली चौकशी होते ती भाड्याची आणि उतरण्याच्या जागेची. ती करावीच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. चंद्राची गडद छाया पृथ्वीवरून साधारणतः शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून धावत जाते आणि खग्रास ग्रहण दिसते ते तेवढ्याच पट्ट्यात. "आमच्या गावी नव्याण्णव टक्के ग्रहण आहे, मग लांब कशाला जा?" असे म्हणणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. सूर्य हा पौर्णिमेच्या चंद्राहून सुमारे चार लाख पट तेजस्वी. त्याचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तरी चार हजार पूर्णचंद्रांचा उजेड उरतो. आणि सूर्याभोवतीचा प्रभाकिरीट, ज्याचे सारे तेज एका पूर्णचंद्राएवढे, त्यात पार बुडून जातो. तेव्हा पट्ट्याच्या आत, होईल तितके मध्यरेषेजवळ गेले पाहिजे. काठावर काही सेकंदच पदरात पडतात.

पट्टा हजारो मैल लांब असतो. त्यातले गाव निवडताना लोक मिनिटे मोजू लागतात. माझ्या मते आधी ढग मोजावेत.

आपल्याच प्रदेशातली उदाहरणे पाहा. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून घाटावर चढला होता. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी जेऊर निवडले. ग्रहण अवघे दोन मिनिटांचे. पण हिवाळ्याचे निरभ्र आकाश होते, आणि कामे फत्ते झाली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हुबळी, गदग, रायचूर असा हैदराबादच्या दक्षिणेकडे गेला. उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूर वेधशाळा त्या पट्ट्यातच होती. तेव्हाही हिवाळ्याने साथ दिली.

याउलट २२ जुलै २००९ चे ग्रहण. ते तर आपल्या बडोदेकर व इंदूरकर मंडळींच्या दारात चालून आले होते, आणि इंदुरास तीन मिनिटांचे होते. पण महिना आषाढाचा! बहुतेक ठिकाणी ढगांखाली नुसता अंधार झाला. बिहारात तारेगणा येथे जमलेल्या हजारोंची निराशा झाली. वाराणसीच्या घाटांवर मात्र ग्रहण दिसले.

आता २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण घेऊ. आपल्याकडे ते खंडग्रास, तेही ऐन पावसाळ्यात. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. कुटुंबासह जाणाऱ्याने माझ्या मते इजिप्तातील लक्सर व स्पेनचा किनारा यांचाच विचार करावा. लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त, सर्वाधिक ६ मिनिटे २३ सेकंद. आणि ऑगस्टात तेथे ढग जवळपास नसतोच. नाईलच्या काठी कर्णकचे देऊळ व पलीकडे राजांच्या थडग्यांची दरी असल्याने उरलेले दिवसही वाया जात नाहीत. मात्र कैरोत राहून काम भागणार नाही. ते शहर पट्ट्याबाहेर आहे.

अडचण उन्हाची. खग्रास क्षण दुपारी एकच्या सुमाराचा, पारा चाळीस अंशांवर. सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने मान वर करून उभे राहण्यापेक्षा सावलीत चटई टाकावी आणि शेवटच्या दहा मिनिटांतच बाहेर यावे. घरातील वृद्धांस हे झेपणारे नसेल, तर स्पेन बरा. कादिझला खग्रास अवस्था तीन मिनिटांहून थोडी कमी, तारिफास साडेचारांहून अधिक, आणि वेळ सकाळी पावणेअकराची. तेथेही पूर्वेचा वारा सुटला की जिब्राल्टरच्या खडकावर ढग बसतो. म्हणून सामुद्रधुनीलगत मुक्काम केल्यास हाताशी मोटार ठेवावी आणि आदल्या रात्रीचा हवामानाचा अंदाज पाहून जागा बदलण्याची तयारी असावी.

ग्रहणासाठी बनविलेले चष्मे येथूनच घेऊन जावेत, माणशी एक. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावरच ते काढावयाचे, आणि कडेला पहिला ठिपका चमकताच पुन्हा लावावयाचे. मुलांना हे आधी घरी दोन-तीनदा करून दाखवावे.