मोटार पुन्हा पुन्हा का जळते?

रावेर-यावलकडे केळीचे मळे आहेत. केळीला पाणी फार लागते. वैशाखात पाणी चुकले, तर पाने करपतात, घड पोसत नाही. म्हणून बोअरमधली मोटार बंद पडली, की घरात कोणाला घास गोड लागत नाही.

आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. एका उन्हाळ्यात त्यांची मोटार तीनदा जळाली. पहिल्या वेळी घरातले पैसे गेले. दुसऱ्या वेळी उसने आणले. तिसऱ्या वेळी आबा म्हणाले, "गुरुजी, आपला बोअरच खोटा. आता गाय विकतो."

आम्ही म्हणालो, "आबा, गाय राहू द्या. मोटार तीनदा भरून आणली, पण ती जळते का, हे कोणी पाहिले काय?"

कोणीच पाहिले नव्हते.

मोटार भरून आली, तेव्हा ती अंगणात ठेवली होती. तिच्यावर धातूची पाटी होती. काकू साक्षरता वर्गाला जात. त्यांनी पदराने पाटी पुसली आणि वाचले, "अँपिअर 10." म्हणजे या मोटारीने 10 अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढू नये.

मग वायरमनला बोलावले. त्याने मेन स्विच बंद करून स्टार्टर उघडला. आतला रिलेचा काटा 14 वर होता! स्टार्टर सारखा पडतो, म्हणून कोणी तरी काटा वर सरकवला होता. राखणदाराला झोपवले, मग चोर शिरणारच. 10 च्या जागी 14 अँपिअर गेले, की तारांतली उष्णता जवळजवळ दुप्पट होते.

पण स्टार्टर पडत का होता? शेतीची वीज ठरावीक वेळी येते. ती आली, की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्ट उतरतात. व्होल्ट कमी झाले, की मोटार जास्त अँपिअर ओढते. काटा 10 वर आणला. वीज आल्यावर थोडे थांबून, व्होल्ट पाहून मोटार लावायची, असे ठरले.

काकूंनी एक वही केली. वेळ, व्होल्ट, अँपिअर, असे तीन रकाने आखले. चार दिवसांत वही बोलू लागली. पहिले दोन तास काटा 9 वर राही. मग तो 6 वर येई आणि नळातून पाणी फसफस करत येई.

याचा अर्थ काय? बोअरमधले पाणी उतरत होते. या पट्ट्यात भूजल खोल गेले आहे. पंपाची जाळी उघडी पडली, की पाणी वाहत नाही. वाहते पाणीच मोटार थंड ठेवते. ते थांबले, की मोटार तापते. इथे अँपिअर वाढत नाहीत, उलट कमी होतात. म्हणून रिलेला काही कळत नाही. त्यातून आबांनी ऑटोस्विच लावलेला. रात्री वीज येई, मोटार आपोआप सुरू होई आणि कोरडी फिरत राही. आबा घरी झोपलेले!

आबांनी ऑटोस्विच काढला. पाणी संपले किंवा एक फेज गेला, तर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवला. दीड तास मोटार चालवायची, मग बोअरला विसावा द्यायचा. केळीला ठिबक केले. त्यानंतर मोटार जळाली नाही. गाय गोठ्यातच आहे.

लक्षात ठेवा

1. रिलेचा काटा पाटीवरच्या आकड्यापेक्षा वर नेऊ नये.
2. तीनपैकी एक फेज गेला, तर मोटार नुसती गुणगुणते, सुरू होत नाही. ती लगेच बंद करावी. चालू मोटारीचा फेज गेला, तर उरलेल्या दोन तारांवर भार पडून ती जळते.
3. स्टार्टरला अर्थिंग हवेच. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये.
4. डीपीवर स्वतः चढू नये. लाइनमनला बोलवावे.

प्रश्न

1. रिले असूनही कोरडी मोटार का जळते?
2. काकूंच्या वहीतून काय कळले?
3. तुमच्या मोटारीच्या पाटीवर किती अँपिअर लिहिले आहेत? वाचून वहीत लिहा.