वाटणीचा प्रश्न वकिलापुढे नेण्याआधी

सोयगावची सोयरीक पाचोरा-जामनेरकडे, बाजारही बराचसा जळगावच्या बाजूचा. अपील मात्र घाट चढून सिल्लोडला प्रांतांकडे करावं लागतं. वारसाच्या भांडणातला अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. वडील गेले की तेराव्याला आलेला पाचोऱ्याचा मामा सांगतो, ‘आमच्याकडं असं असतंय’, आणि सगळं घर ते धरून चालतं. मामा खोटं बोलत नाही. पण स्वातंत्र्याच्या वेळी पाचोरा मुंबई इलाख्यात होता आणि सोयगाव निजामाच्या राज्यात. ते १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलं. त्यामुळे जमिनीचे जुने कागद वेगळे. कूळकायदासुद्धा वेगळा: तिकडे १९४८ चा मुंबईचा, इकडे १९५० चा हैदराबादचा. वारसाचा कायदा दोन्हीकडे एकच असला तरी तो लावायला जो पुरावा लागतो, तो आपल्याकडचाच शोधावा लागतो.

तेव्हा मामाचा मान ठेवा आणि कामाला लागा.

पहिलं काम घरातच करायचं आहे. एका कोऱ्या कागदावर वंशावळ लिहा. पणजोबांपासून सुरुवात करा. प्रत्येक नावापुढे हयात की मयत, आणि मयत असल्यास तारीख. बायका, मुली, लग्न होऊन गेलेल्या आत्या, लहानपणी दत्तक दिलेला चुलता, सगळे घ्या. आपल्याकडे वंशावळ काढताना पोरींची नावं गाळायची खोड आहे, आणि पुढे कोर्टात पहिला घाव तिथेच बसतो. ज्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत सापडत नाही त्याच्या नावाखाली रेघ मारा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते; वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. हे काम सगळ्यात रेंगाळतं, म्हणून सगळ्यात आधी सुरू करा.

दुसरं काम कागदांचं, आणि घाई इथे सोडा. आजचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. पण आजचा सातबारा म्हणजे गोष्टीचं शेवटचं पान. त्याच्यावर फेरफारांचे नंबर दिसतात, ते सगळे उतरवून घ्या आणि एकेका फेराची नक्कल मागवा. नाव कसं लागलं ते फेरातच कळतं: वारसाने, खरेदीने, वाटणीने की बक्षिसाने. ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा दिसला तर नाव एकाचं असलं तरी ती नोंद एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेली आहे. असा फेर सापडला की त्याच्या दोन नकला काढा. ‘जमीन दादाच्या एकट्याची’ हे म्हणणं तिथून पुढे अवघड जातं.

मग मागे मागे जात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत पोहोचा. मराठवाड्यातल्या जमिनीचा हा पायाचा कागद. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो. त्याच्याही आधीचं काही निघालं तर ते उर्दूत किंवा मोडीत असू शकतं आणि वाचणारा माणूस शोधावा लागतो. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं तोंडी उत्तर आलं तर वाद घालू नका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. ३० दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि ‘उपलब्ध नाही’ हे लेखी आलं तर तोही एक कागदच झाला.

खासरा पत्रकावर एवढा जोर का, ते सांगतो. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. खासरा पत्रक त्याच्या जेमतेम वर्षभर आधीचं आहे. कायदा बदलायच्या तोंडावर जमीन कोणाच्या ताब्यात होती ते त्यावर दिसतं. त्याशेजारी तुमची वंशावळ ठेवा आणि पाहा, कोण कधी वारलं. पणजोबा १९५६ च्या आधी वारले आणि जमीन आजोबांकडे आली, तर ती सामान्यतः वडिलोपार्जित धरली जाते; तिच्यात मुलांचा जन्मतः हक्क असतो. पण जमीन आजोबांची स्वतःची होती, आजोबा १९५६ नंतर वारले आणि ती वारसाने वडिलांकडे आली, तर वडिलांच्या हातात ती त्यांची स्वतंत्र मिळकत होते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्येच चंदर सेनच्या खटल्यात सांगितलं आहे. तरी ‘आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित’ हे वाक्य चावडीवर अजून रोज ऐकू येतं. फरक फार मोठा आहे. स्वतंत्र मिळकत वडील हयातीत विकू शकतात, एकाच पोराच्या नावे मृत्युपत्र करू शकतात. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं.

मृत्युपत्र नसेल आणि मिळकत वडिलांची स्वतंत्र असेल, तर हिशेब सोपा. समजा सहा एकर जमीन आहे. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली आणि वडिलांची आई हयात आहे. सहा समान वाटे, प्रत्येकी एक एकर. आजी बहुतेक सगळे विसरतात, आणि ती पहिल्या वर्गाची वारस आहे. आधीच वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलंही त्याच्या वाट्याला येतात. वाटा मिळाल्यानंतर सुनेने दुसरं लग्न केलं म्हणून तो जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्यासाठी कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत असंही नाही. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ते कायमचं मिटलं. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर झालेल्या वाटणीचा. म्हणून बहीण बोलू लागली की घराघरात २००४ च्या आधीची ‘वाटणी’ निघते. ती नोंदणीकृत आहे का, फेराला लागली आहे का, सातबारे वेगळे झाले आहेत का, हे विचारा. नुसती तोंडी वाटणी कोर्ट सहजासहजी मानत नाही.

हे सगळं हिंदू कुटुंबांचं झालं, आणि त्यात तांड्यावरची बंजारा कुटुंबंही आली. मुसलमान कुटुंबात वडिलोपार्जित हा प्रकारच नाही, मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, आणि मृत्युपत्र साधारण एक तृतीयांशापुरतंच चालतं. ताडवी किंवा भिल्ल कुटुंब असेल तर हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही, आणि जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर वेगळी परवानगी लागते. तिथे या लेखावर विसंबू नका, कागद घेऊन सरळ वकील गाठा.

तिसरं काम: प्रश्न लिहा. ‘आमचं काय होईल साहेब?’ याला कोणीही काहीही उत्तर देतं. त्याऐवजी लिहा: ‘गट नंबर अमुक, माझी आई अमुक साली वारली, तिचं नाव फेरात नाही. तिचा वाटा किती, तो मी कुठे मागू, आणि मुदत किती?’ एका कागदावर एकच प्रश्न. मग तो कोणाच्या दारात न्यायचा ते आपोआप ठरतं.

नाव लावायचं असेल आणि भांडण नसेल, तर तलाठी. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तलाठी म्हटलं तरी कळतं. वारसाची माहिती तीन महिन्यांत द्यायची असते. अर्ज ई-हक्कवरूनही करता येतो. हाताने दिला तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. अशी पोच द्यावी हे महसूल संहितेच्या कलम १४९ मध्येच लिहिलेलं आहे. मग फेर ओढला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि सर्कल फेर मंजूर करतात. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत तुमच्या गावात मयतांची नावं कमी होऊन वारस लागले असतील, तर तो फेर उघडून बहिणींची नावं आहेत का ते जरूर पाहा. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. निकाल विरोधात गेला तर सिल्लोडच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, ६० दिवसांत अपील.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फेरफार मालकी देत नाही. फेराची नोंद खरी समजून चालतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. वाटा किती हे तलाठी, सर्कल, तहसीलदार यांपैकी कोणीही ठरवू शकत नाही. ते दिवाणी कोर्टाचं काम. प्रांतांपर्यंत, तिथून वर जिल्ह्यापर्यंत वर्षानुवर्षं फेराची अपिलं लढवणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. वाटणीचा दावा सोयगावच्या कोर्टात लावला असता तर हे आधीच सुटलं असतं.

सगळ्यांची संमती असेल तर कोर्टाचीही गरज नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करा, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपयेच आहे. बहिणीला वाटा सोडायचा असेल तर हक्कसोड नोंदणीकृतच हवं. बाँडवर सही घेऊन नोटरी केलेला कागद स्थावराच्या बाबतीत निरुपयोगी. अज्ञान मुलाचा वारसाने आलेला वाटा त्याच्या आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. रस्ता किंवा पाण्याची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे, पण सहा महिन्यांच्या आत. बँकेतल्या ठेवीला नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हातात पडतात, मालकी वारसांचीच राहते.

घराचं प्रकरण जमिनीपेक्षा लबाड असतं, कारण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी भावाच्या नावाने येते म्हणून घर भावाचं होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मालमत्ता पत्रक मिळतं. तयार होताना त्यात एकच नाव गेलं असेल तर लगेच भूमी अभिलेखकडे लेखी हरकत द्या. राहत्या घरात बहिणीला वाटणी मागता येत नाही असं अजून सांगितलं जातं. ते हिंदू वारसा कायद्याचं कलम २३ होतं, ते २००५ मध्येच काढून टाकलं.

नवरा किंवा सासर घराबाहेर काढत असेल तर मालकीचा प्रश्नच येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. संरक्षण अधिकारी किंवा १८१ हा नंबर. म्हाताऱ्या आईबापांना पोरं पोसत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली सिल्लोडच्या प्रांतांकडेच अर्ज. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. पोराला बक्षीसपत्र करून द्यायचंच असेल तर ‘सांभाळ करील’ ही अट दस्तातच लिहून घ्या. तोंडी विश्वासावर दिलेलं परत मिळवणं फार कठीण.

आता वकील. फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. साध्या अर्जावर पॅनलचा वकील मोफत मिळतो आणि कोर्टाचा खर्चही. सगळ्या बायका, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही; इतरांना वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत. शेताची मालकीण असलेली बाईसुद्धा यात बसते, हे बायकांनाच माहीत नसतं. सोयगावला जाणं जमत नसेल तर आधी १५१०० वर फोन करा, तो मोफत आहे. वकिलापुढे वंशावळ, फेर, खासरा आणि लिहिलेला प्रश्न एवढंच ठेवा. घरातलं रडगाणं नंतर.

पॅनलच्या वकिलाने लोकअदालतीत तडजोड सुचवली तर ती टाळू नका; भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. मात्र तडजोडीचा कागद गट नंबर आणि क्षेत्रासकट मोठ्याने वाचून घ्या, बहिणीसमोर आणि आजीसमोर, आणि मगच अंगठा द्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.